नामदेवरावांची खांदेमळणी

आमच्या गल्लीतले नामदेवराव नव्या माणसाला नाव विचारण्याआधी त्याचं जनावर ठरवतात. मी उस्मानपुऱ्यात राहायला आले त्या दिवशी टेम्पोवाल्याशी माझं भांडण चाललं होतं. ते ऐकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हैस. रस्त्यात बसलात तर कुणाच्या बापाला उठवता यायचं नाय." मी ते कौतुक समजले.

ते ज्या पक्षाचे कार्यकर्ते, त्यातली सगळी मंडळी त्यांनी अशीच वाटून टाकली होती. भाषणं करणारे कोंबडे, पैसे सांभाळणारा बोका, निवडणुकीपुरते दिसणारे बेडूक.

"आणि तुम्ही?"

"बैल!" हे छाती काढून. जन्मभर त्यांनी पक्षाच्या सतरंज्या अंथरल्या, झेंडे बांधले, साहेबांसाठी हर्सूलच्या तुरुंगातही जाऊन आले.

"मग साहेब कोण?"

"येड्यावानी काय विचारता? साहेब म्हंजे मालक."

यंदा महापालिकेचं तिकीट आपल्यालाच, असं ते धरून चालले होते. साहेबांनी भर सभेत त्यांना शाल घातली, खांदे थोपटले आणि "उद्या बंगल्यावर ये" म्हणाले. नामदेवराव शालीसकट माझ्या दारात. "वहिनी, खांदेमळणी झाली!"

त्यांच्या फुलंब्रीकडच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्याला देतात.

"पोळा झाला की बैल परत औतालाच जुंपतात," मी म्हणाले.

"व्हय, पण आधी पोळा तर होतो ना!"

दुसऱ्या दिवशी तिकीट मिळालं ते नुकत्याच दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका बिल्डरला. नामदेवरावांना बोलावलं होतं त्याच्या सत्काराच्या खुर्च्या मांडायला. त्यांनी मांडल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे ताट घेऊन गेले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. घरात दुसरं कुणी नाही. नामदेवराव जेवले. मला एकही जनावर ऐकवलं नाही.

सकाळी बघते तर बिल्डरच्या प्रचाराच्या रिक्षावर ते भोंगा बांधत होते. मी दारातूनच ओरडले, "अहो, काही वाटतं का तुम्हाला? घरी बसा की!"

ते जवळ आले. हळूच म्हणाले, "घरी बसून काय करू, वहिनी? घरात मला दिवसभर कोण हाक मारतंय?"

तेवढ्यात बिल्डरचा ड्रायव्हर खेकसला, "ए नाम्या, मेला का तिकडं?"

"आलो, आलो!" म्हणत नामदेवराव धावत सुटले. चेहरा चक्क उजळला होता.