तुमच्या सोयीने

शिंप्याच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिले नव्हते आणि पुढचे सगळे रामायण तिथूनच सुरू झाले.

पत्र अगदी साधे होते. शिंपी हा त्यांचा शाळासोबती. टेकडीवरच्या देवस्थानाच्या पायथ्याशी जे गाव आहे, तिथल्या मागच्या गल्लीत त्याचे दुकान आणि दुकानामागेच घर. त्याने लिहिले होते, ‘तुझी वहिनी गेली. आता घरात मी आणि मशीन. कधी पदयात्रेला आलास तर माझ्याकडेच उतर. दोन ओळी टाक म्हणजे झालं.’

दोन ओळी! जन्मभर पुस्तकांच्या कपाटांत वावरलेल्या माणसाकडे नेमक्या त्याच निघेनात. पहिला मसुदा शोकसभेतल्या भाषणासारखा झाला. दुसरा वीज कंपनीच्या नोटिशीसारखा कोरडा. तिसऱ्यात एक सुभाषित घुसले, तो त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. असे करता करता वर्ष उलटले. आता उत्तर लिहायचे तर आधी उशिराची माफी मागायला हवी, आणि माफीचा मसुदा तर त्याहून अवघड. पत्र शब्दकोशात खूण म्हणून पडून राहिले.

आणि नेमक्या त्याच वर्षी बायकोने पदयात्रेत दोघांची नावे घातली.

“शेवटच्या मुक्कामाला ज्याची त्यानं सोय बघायचीय,” ती पायमोजे मोजता मोजता म्हणाली. “भाऊजींकडेच उतरू की! त्यांनी बोलावलंय ना?”

“त्याला कशाला त्रास?” ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. “मी खोली बघतो.”

खोली बघणे म्हणजे फोन करणे, आणि फोन ग्रंथपाल होता होईल तो टाळायचे. तरी त्यांनी धीर करून त्या गावातल्या लॉजवाल्याला फोन लावला.

“किती खोल्या देऊ?” लॉजवाल्याने विचारले.

‘एक’ म्हणायचे होते. पण ऐन यात्रेत परक्या माणसाकडे एक खोली ठणकावून मागणे त्यांना उद्धटपणाचे वाटले. “तुमच्या सोयीनं द्या,” ते म्हणाले.

“वा! गिऱ्हाईक असावं तर असं. मग वरचा अख्खा मजला तुमच्या नावावर. एकच पार्टी म्हणजे माझ्या डोक्याला ताप नाही.”

‘नाही हो, तसं नाही’ हे ग्रंथपालांच्या ओठांवर येईपर्यंत फोन बंद झाला होता. त्यांनी विचार केला, अख्खा मजला कोण देतो? माणूस थट्टाच करत असणार. म्हणजे खोली काही पक्की नाही. दुसरीकडे सांगून ठेवलेले बरे.

दुसरीकडे खानावळवाली मावशी होती. खानावळीच्या माडीवर तिच्या खोल्या. “तुमच्या सोयीनं, मावशी,” ग्रंथपाल म्हणाले, आणि मावशीला जन्मात कोणी असे म्हटले नव्हते. तिने माडी त्यांच्या नावावर केली आणि वर मानेला उशी कशी लागते, हेही विचारून घेतले. आता दोन-दोन थट्टा झाल्या. मग खबरदारी म्हणून तिसरा फोन, यात्रेत घर भाड्याने देणाऱ्या एका निवृत्त फौजदाराला. फौजदार गरजला, “सुटी खोली मिळणार नाही! घ्यायचं तर घर घ्या!”

“तुमच्या सोयीनं,” ग्रंथपाल पुटपुटले. फौजदारापुढे दुसरे कोण काय बोलणार?

चार दिवसांनी त्यांना उमगले की थट्टा कोणीच करत नव्हते. त्यांनी रद्द करण्यासाठी फोन उचलला. लॉजवाला म्हणाला, “बरं झालं फोन केलात, तुमच्यासाठी भिंतींना चुना मारून घेतला.” मावशीने नवा कापूस भरून उशा शिवून घेतल्या होत्या. फौजदाराने तर न्हाणीघराचा नळ बदलला होता आणि आता तो नळ फोनवरून ऐकवत होता. “ऐका! आहे का गळती?”

“छान. अगदी छान,” एवढेच म्हणून ग्रंथपालांनी फोन ठेवला.

यात्रा निघाली आणि चालण्याच्या धुंदीत ते सगळे विसरले, हेही खरे. पाय सोलवटले, चेहरा रापला, पण ग्रंथपालांना जन्मात एवढी भूक लागली नव्हती की एवढी झोप आली नव्हती. त्यांच्या चमूचा म्होरक्या म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. गळ्यात शिट्टी. कोणी मागे पडला की शिट्टी, पाणी प्यायचे तर शिट्टी. शेवटच्या सकाळी लांबवर टेकडी दिसली तेव्हा त्याने एवढ्या जोरात शिट्टी फुंकली की झाडावरचे बगळे उडाले. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ग्रंथपालांच्या बायकोने तर सोलवटल्या पायांनिशी पळत वळण गाठले.

तिथेच समोरून परतणाऱ्या एका यात्रेकरूने बातमी दिली. “गावात खोली मिळणार नाही. सगळं गाव एका माणसानं घेऊन टाकलंय.”

“एका माणसानं?” कंडक्टर उखडला. “कोण हा लाटसाहेब?”

“नाव ठाऊक नाही. पण बडं प्रस्थ आहे म्हणतात. तीन ठिकाणी मुक्काम, मनाला येईल तिथे झोपणार.”

पुढच्या झाडाखाली तो माणूस साखर कारखानदार झाला होता. त्याच्या पुढच्या नळावर त्याच्याबरोबर स्वतःचा आचारी आणि चार कुत्री होती.

“अशा माणसाला देवसुद्धा दारात उभं करणार नाही,” ग्रंथपालांची बायको म्हणाली. “या बिचाऱ्यांनी कुठं पडायचं आता? अहो, आपली खोली तरी आहे ना?”

“आहे.”

“नक्की?”

“आहे गं. भरपूर आहे.”

खोली भरपूर कशी असते, असे तिने विचारले नाही. फक्त नवऱ्याकडे निरखून पाहिले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हे निरखून पाहणे ग्रंथपालांना शिट्टीपेक्षा जास्त ऐकू येत असे.

गावाच्या तोंडाशी तिघे उभे होते. लॉजवाला, खानावळवाली मावशी आणि फौजदार. तिघांच्या हातात तीन पाट्या आणि तिन्ही पाट्यांवर ग्रंथपालांचेच नाव.

“साहेब माझ्याकडे उतरणार,” लॉजवाला सांगत होता.

“हं! उशा मी शिवल्यात,” मावशी म्हणाली.

“आवाज खाली!” फौजदार म्हणाला. “अख्खं घर दिलंय मी.”

चमू थबकला. सगळ्यांनी पाट्या वाचल्या. मग सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपालांनी उडी मारायला जवळपास एखादी विहीर आहे का, ते पाहिले.

“ग्रंथपाल,” कंडक्टर अगदी हळू आवाजात म्हणाला, “ते प्रस्थ तुम्ही?”

“माझं... म्हणजे... मला नाही म्हणता येत नाही हो.” एवढे खरे वाक्य त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारले नव्हते. “खोल्या रिकाम्या आहेत. सगळ्या. तुम्हीच... तुमच्या सोयीनं...”

कंडक्टरने त्यांना मिठीच मारली. “ऐका रे! आपण भटकलो असतो दारोदार, हे या माणसानं आधीच ओळखलं! आणि वाटेत चकार शब्द नाही! आपण शिव्या घालतोय, हा मुकाट ऐकतोय!”

“नाही नाही, तसं काही...”

“बघा! अजून नाहीच म्हणतोय!”

ज्या गोष्टीला नाही म्हणायला हवे होते तिला त्यांनी कधी म्हटले नव्हते, आणि आता म्हणत होते तर कोणी ऐकत नव्हते. कंडक्टरने शिट्टी फुंकली आणि भरलेल्या बसमध्ये माणसे सरकवावीत तशी खोल्यांत सरकवली. “आत चला, आत चला! मागं जागा आहे!” चमू मावला, मागून आलेले दोन चमू मावले, रस्त्यात बसलेले म्हातारे-म्हाताऱ्याही मावल्या. नव्या नळाखाली फौजदार स्वतः बादल्या भरू लागला. गावभर नुसता कल्लोळ, हसणे, हाका.

ऊन कलले तेव्हा रस्त्यावर दोनच माणसे उरली होती.

लॉजवाल्याला वाटले, साहेब मावशीकडे असतील. मावशीला वाटले, फौजदाराकडे. फौजदाराने तर कंडक्टरला आपल्या हाताने शेवटची गादी दिली होती.

“आता जा आणि सांगा त्यांना,” बायको म्हणाली.

“काय सांगू? की अख्खं गाव घेतलेल्या माणसाला झोपायला जागा नाही?”

बायकोने तोंडाला पदर लावला. आधी वाटले रडते आहे, पण ती इतकी हसत होती की तिला पिशवीवर बसावे लागले. मग डोळे पुसून ती उठली. “मागची गल्ली कुठली?”

“अगं, नको. मी उत्तर दिलं नाही त्याला. वर्ष झालं. कुठल्या तोंडानं जायचं?”

“मग आता द्या उत्तर.” तिने पिशवीतून पेन काढले आणि पायाच्या मलमाची रिकामे खोके उलटे करून, फाडून, त्याचा पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. “पुठ्ठा एवढाच आहे. सुभाषित मावायचं नाही.”

ग्रंथपालांनी लिहिले : ‘वहिनी गेल्याचं कळलं तेव्हापासून रोज तुझी आठवण येते. आम्ही दोघं दारात आहोत.’

शिंप्याचे दार बंद होते. आतून मशीनचा खडखडाट येत होता. दाराला पत्रे टाकायची फट होती. ग्रंथपालांनी पुठ्ठा अर्धा आत सरकवला आणि त्यांच्या मनात आले, ‘रोज’ हा शब्द जरा जास्तच होतोय का? ‘बरेचदा’ बरे दिसेल. ‘दारात’ याच्या आधी ‘तुझ्या’ हवे का? त्यांनी पुठ्ठा परत ओढायला चिमटीत घट्ट धरला.

आत मशीन थांबले.

कोणीतरी दुसऱ्या बाजूने पुठ्ठ्याचे टोक धरले आणि हळूच ओढले. ग्रंथपालांनी धरून ठेवले. आतून पुन्हा ओढ बसली, या खेपेला जोराची.

“अहो, सोडा!” बायको म्हणाली.

ग्रंथपालांनी सोडले.