मागच्या सीटचा प्रमाणित गारवा

डहाणूतल्या एका सरकारी कार्यालयाच्या गाडीत पुढं हिवाळा होता आणि मागं उन्हाळा. गाडी सात आसनी, एसी पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. पुढचा चाले, मागचा फुंके. फुंके म्हणजे वारा यायचा, पण चुलीवरून आल्यासारखा. गाडीत कुणी कुठं बसायचं हे शिष्टाचारानं कायमचं ठरवून टाकलेलं आहे: साहेब मागं डावीकडं, ड्रायव्हर पुढं उजवीकडं. त्यामुळे सुनिल, जो कंत्राटी होता, तो भर मे महिन्यात मफलर गुंडाळून गाडी चालवी. आणि वासुदेव पाटणकर साहेब, जे कायम होते, ते मागं विरघळत.

खोटं वाटेल, पण नरपडला मागच्या सीटवर ठेवलेले कच्चे चिकू तलासरी येईपर्यंत पिकत आणि झरीला पोचेपर्यंत त्यांना दारूचा वास सुटे. आरशाला टांगलेलं लिंबू मात्र गारठून सुपारीएवढं झालं होतं.

सुनिलच्या कंत्राटाची मुदत महिनाअखेर संपत होती. पुढच्या वर्षाच्या कागदावर पाटणकर साहेबांची सही लागणार होती, आणि साहेब सहीबद्दल एकच वाक्य बोलत.

"मागं गार वारा आला तर सही. नाही आला तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

"साहेब, तोवर पुढं बसा की. माझ्या बाजूला काश्मीर आहे."

"पुढं बसलो तर लोक मागं वाकून साहेब शोधतील."

 सुनिलनं गाडी तलासरीला हायवेवरच्या दक्षाबेनच्या गॅरेजात नेली. दक्षाबेननं मागच्या जाळीला हात लावला, पुढच्या जाळीला हात लावला, आणि बॉनेटखाली डोकं घालून पाइप चाचपले.

"मागं वारा येते, म्हणजे पंखा जिवंत. पुढं बरफ, म्हणजे गॅस पण छे नि कॉम्प्रेसर पण तगडा. तर मग गॅस मागं जातच नाय. मागच्या कॉईलच्या तोंडाचा वाल्व चोंदला, सुनिलभाई. बदलून टाकते. तू चा पी तोवर."

सुनिलनं चहाचा कप हातात घेतला आणि नको ते केलं. परवानगीसाठी ऑफिसात फोन लावला.

फोन उचलला तो लेखा शाखेच्या शितलताईंनी. "बिघाड सिद्ध झालाय का?" त्यांनी विचारलं.

"ताई, आत बसलं की कळतं."

"कळणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. बिघाड सिद्ध नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे चांगल्या वस्तूची मोडतोड. ती तुमच्या नावावर लागेल."

दक्षाबेननं पाना खाली ठेवला. सुनिलनं चहा संपवला, आणि वाहन शीतलता पडताळणी समिती नेमली गेली.

समितीत तीन सदस्य. त्यांनी डहाणू ते झरी असा प्रत्यक्ष प्रवास करून मागच्या भागाची तपासणी करायची होती. तिघांनी मागचं दार उघडलं. आतून जी वाफ आली तिनं अध्यक्षांचा चष्मा धुरकटला. त्यांनी दार हळूच लावलं आणि म्हणाले, "तपासणी पुढून सुरू करू. पद्धत तशीच आहे."

पुढं सीट एकच. पण समिती अभंग ठेवायची असा नियम, म्हणून तिघं त्या एका सीटवर ज्येष्ठतेनुसार मांडीवर मांडी रचून बसले. सर्वांत ज्येष्ठ सर्वांत वर. सुनिल दर वेळी गियर टाकण्यापूर्वी कनिष्ठ सदस्यांच्या गुडघ्याला हात जोडायचा. मागं समितीच्या बॅगा होत्या आणि त्या सांभाळायला हाल्या शिपाई.

विवळवेढ्याच्या पुढं सुनिलनं धीर केला. "सर, एकदा मागं बसून बघा ना."

"वाहन किती आहेत?" अध्यक्ष वरून म्हणाले.

"एकच, सर."

"मग पुढं गार तर मागं गरम कसं असेल? उद्या म्हणाल, तालुका सुधारला पण गावं सुधारली नाहीत."

झरीला हाल्या उतरला तेव्हा डहाणूच्या खाडीतून काढल्यासारखा दिसत होता. त्यानं शर्ट पिळला. खाली रस्त्यावर एवढं पाणी झालं की दोन कोंबड्या प्यायला आल्या.

"सर, हा पुरावा," सुनिल म्हणाला.

अध्यक्षांनी पाण्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. "घाम अस्सल आहे. पण तो गट ड चा आहे. मागची सीट गट अ ची. ज्या सीटवर बसायचा ज्याला अधिकार नाही, त्याला तिथं आलेला घाम ग्राह्य कसा धरायचा? उलट विनापरवाना बसल्याबद्दल याला विचारावं लागेल."

"मी उठून उभा राहू का, साहेब?" हाल्यानं विचारलं. तो रस्त्यावर उभाच होता.

तेव्हा समकक्ष घाम हवा, असं ठरलं. पाटणकर साहेबांचा चालेना, कारण ते तक्रारदार. म्हणून तलासरीहून त्यांच्याच हुद्द्याच्या अहिल्या मॅडमना विनंती झाली. मॅडम कडक इस्त्रीची साडी नेसून मागं डावीकडं बसल्या आणि तलासरी ते विवळवेढे गेल्या. सुनिल आरशातून बघत होता. वाटेत त्यांची इस्त्री गेली, मग पावडर गेली, मग कपाळावरची टिकली घसरत नाकापर्यंत आली. सुनिलच्या मनात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळाचा कळस दिसायच्या आधीच घंटा वाजल्या.

"मॅडम, कसं काय वाटलं?" उतरल्यावर अध्यक्षांनी विचारलं.

"आल्हाददायक," मॅडम नाकावरची टिकली जागेवर नेत म्हणाल्या.

सुनिल पुढं झाला. "मॅडम, तुमच्या पदरातनं पाणी ठिबकतंय."

"हे बघ, माझ्या हुद्द्याच्या माणसाला कुणी गरम जागी बसवत नाही. मला बसवलंय, म्हणजे जागा गार आहे. मी नाही म्हटलं तर उद्या लोक म्हणतील, हिला कुठंही बसवतात."

प्रमाणपत्र झालं: मागील भागातील शीतलता समाधानकारक.

आता पंचाईत पाटणकर साहेबांची झाली. प्रमाणित गारव्यात ज्याला घाम येतो, त्याचं शरीर सेवेस अपात्र. त्याची वैद्यकीय तपासणी करावी, असं परिपत्रकच आहे म्हणे. सोमवारी सुनिलनं गाडी दारात लावली तेव्हा साहेब शाल पांघरून आले. मंगळवारी शालीखाली स्वेटर होता. बुधवारी कानटोपी घालून ते मागं बसले आणि दार लागताच म्हणाले, "सुनिल, जरा कमी कर. फार झोंबतंय."

सुनिलनं आरशात पाहिलं. साहेबांचा चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता.

"साहेब, बंदच करू का?"

"बंद नको. लोक काय म्हणतील?"

सुनिलनं जीव मुठीत धरून कंत्राटाचा कागद पुढं केला. मागं गार वारा आल्याचं सरकारदरबारी मान्य झालं होतं, अट पूर्ण झाली होती. साहेबांनी सही केली. घामानं शाई पसरली, पण शितलताईंनी ती दवानं पसरली असं समजून कागद स्वीकारला. सुनिलची नोकरी वाचली. वाल्व जिथल्या तिथं चोंदलेला राहिला.

नोकरीसाठी सुनिल महालक्ष्मीला नवस बोलला होता. रविवारी त्यानं मित्राची, दिपकची, सात आसनी गाडी मागून आणली. पुढं तो आणि त्याची बायको वर्षा. मागं आई नवशी, म्हातारी आत्या, नारळ आणि हार. दुपारची वेळ, काचा बंद. पुढं असं गार सुटलं की वर्षानं पदर अंगभर घेतला. हायवेला लागल्यावर सुनिलला मागच्यांची आठवण झाली.

"आई, मागं येतं ना गं गार?" त्यानं आरशात बघून विचारलं.

नवशीनं आत्याकडं पाहिलं. आत्या हारातली फुलं गळ्याशी धरून बसली होती. नवशीनं पदरानं मान पुसली. पोराला एवढी नोकरी लागलेली, एवढ्या मोठ्या गाडीतून तो देवीला नेतोय.

"येतं रं पोरा. तू पुढं बघ."

सुनिल पुढं बघू लागला. मनाला बरं वाटलं म्हणून त्यानं पुढचा पंखा आणखी एक घर वाढवला.

तुमच्या गाडीत मागं कोण बसतं, ते आम्ही विचारत नाही. गार येतं ना, असं तुम्ही त्यांना विचारता हे ठाऊक आहे. आरशात बघून, गाडी न थांबवता.