किल्लीकाका आणि विमानाचं दार

विमानात बसल्या बसल्या किल्लीकाकांनी पट्टा बांधायच्या आधी शेजारचं दार न्याहाळलं. पस्तीस वर्षं कुलपं उघडण्यात गेलेल्या माणसाचे हात मांडीवर स्वस्थ बसत नाहीत. ‘जमणार नाही’ हे दोन शब्द त्यांनी आजवर एकाही दाराला किंवा गिऱ्हाइकाला ऐकवले नव्हते. त्यापायी ते स्वतःच्या लग्नातून तासभर गायब झाले होते, आणि मुलगी जन्मली तेव्हा कुणाच्या तरी तिजोरीपुढे उकिडवे बसले होते. आता त्याच मुलीला मुलगी झाली होती. नातीला पहिल्यांदा बघायला निघताना काकूंनी बजावलं होतं, की वाटेत एकाही दाराला हात लावायचा नाही.

आणि जागा मिळाली ती नेमकी आपत्कालीन दाराशी. तिथे बसणाऱ्याला हवाईसुंदरी शिस्तीप्रमाणे सगळं समजावून सांगते. तिने मूठ दाखवली, ती कशी ओढायची ते सांगितलं आणि विचारलं, “वेळ पडली तर हे दार उघडाल ना, काका?”

“वेळ कशाला पडायला हवी?” काका म्हणाले आणि त्यांचा हात मुठीकडे गेलासुद्धा.

काकूंनी तो वरच्यावर पकडला. “ह्यांना इथून उठवा हो बाई,” त्या काकुळतीने म्हणाल्या. “हे कुठलंही दार उघडतात.”

काकूंनी बिचाऱ्यांनी हे भल्यासाठीच सांगितलं. पण मागच्या रांगेने कान टवकारले. तिथून ही बातमी चार रांगा मागे जाईपर्यंत काकांनी याआधी दोन विमानं उघडलेली होती, आणि शेपटाकडे तर त्यांची अख्खी टोळीच विमानात शिरली होती. दोघांना मधल्या रांगेत हलवूनही उपयोग झाला नाही. एक मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि हा गृहस्थ तरी उतरेल नाहीतर मी, असं त्यांनी जाहीर केलं. अखेर कॅप्टन स्वतः आला.

उडालेल्या विमानाचं दार कुणालाच उघडता येत नाही, असं त्याने सर्वांना समजावलं. वर गेल्यावर आतली हवा दाराला चौकटीत असं काही दाबून धरते, की दहा पैलवान लावले तरी ते हलायचं नाही.

“पैलवान कशाला लावायचे?” काकांना राहवलं नाही. “दार ताकदीनं नाही उघडत, समजुतीनं उघडतं.”

झालं. निम्मं विमान उठून उभं राहिलं.

“काका,” कॅप्टन खाली वाकून म्हणाला, “‘मला हे दार उघडता येणार नाही’, एवढं सगळ्यांना सांगा. नाहीतर तुम्हाला उतरवावं लागेल.”

काकांचा चेहरा पडला. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आपल्या कुकरचं झाकण आतून बसतं ना? वाफ कोंडलेली असताना कधी उघडलंत का तुम्ही? म्हणा की एकदा. तिकडे पोरगी बाळाला घेऊन उभी असेल.”

काका उठले. दोनदा घसा खाकरला. “मला हे दार,” म्हणाले आणि थांबले. बाकीचे शब्द दाढ उपटावी तसे एकेक बाहेर आले. “उघडणं. जमणार. नाही.”

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका खाली बसल्या आणि विमान एकदाचं उडालं. काका मात्र मान खाली घालून पट्ट्याचं बक्कल उघडत-लावत राहिले. काकूंना त्यांची फार दया आली. थोड्या वेळाने काका स्वतःशीच पुटपुटले, “मेलो नाही की मी.” पुढे आणखी दोनदा त्यांनी ‘जमणार नाही’ हे शब्द हळूच म्हणून पाहिले, आणि दुसऱ्या वेळी ते चक्क हसले.

विमान उतरलं. दाराशी कॅप्टन एक बॅग घेऊन अवघडून उभा होता. “काका, हिच्या कुलपाचा नंबर विसरलोय. घराची किल्ली आतच राहिली. बघता का जरा?”

काकांनी कुलपाकडे एकदाच पाहिलं. असली कुलपं ते डोळे मिटून उघडत.

“जमणार नाही,” ते म्हणाले. “बाहेर नात आलीय माझी.”

काकू जागीच थिजल्या. हे दोन शब्द ऐकायला त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. मग कॅप्टनचा कसनुसा चेहरा बघून त्यांच्याच तोंडून निघून गेलं, “अहो, द्या की उघडून, दोन मिनिटांचं तर काम.”

पण काका अर्धा जिना उतरलेसुद्धा होते.