देशात एकूण आरसे किती?

सरकारी उत्तर लिहावं तर मीच! ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. कर आणि आकडेवारी खात्यात असताना, सभागृहातल्या सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी तयार करायचो. माझं उत्तर वाचून सदस्याच्या हाती काही लागायचं नाही आणि तक्रार करायलाही जागा राहायची नाही. 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' आणि 'बाब विचाराधीन आहे' एवढ्या भांडवलावर मी अधिवेशनंच्या अधिवेशनं तारून नेली! ऑफिसात माझं नावच मसुदेकर पडलं होतं.

फक्त एका प्रश्नाला मी टरकून असायचो. प्रत्येक प्रश्नाच्या शेपटाला तो असायचाच: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

काय दिवस होते ते! उंच छताची खोली, कुरकुरणारा पंखा, कार्बन पेपरचा वास आणि खिडकीपाशी टाइपरायटरवर आमच्या टायपिस्ट बाई. त्या टाइपरायटरची टकटक अजून कानात आहे. माझा मसुदा हातात घेऊन त्या भुवई उंचवायच्या.

"मसुदेकर, यात उत्तर कुठे आहे?"

"नाहीच आहे."

"मग ठीक आहे. टाइप करते."

अशी बाई जन्मभर समोर असावी, असं मला फार वाटायचं. पण विचारणार कसं? उत्तरं लिहिण्यात हयात गेलेली, प्रश्न विचारायची सवयच नव्हती! 'उद्या विचारू' म्हणता म्हणता बाईंनी बहिणीच्या गावी बदली मागितली. तरी मी गप्पच.

आणि मग तो दिवस उजाडला. एका सन्माननीय सदस्यांनी विचारलं होतं, "सरकार आरशांवर कर लावणार आहे, हे खरे आहे काय?" उत्तर तयार होतं: हे खरे नाही. मंत्रिमहोदयांनी ते खणखणीत वाचलं. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत ऐटीत बसलो होतो. तेवढ्यात बाई फायली घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "माझी बदली मंजूर झाली. सोमवारी निघते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! नेमके त्याच क्षणी सदस्य पुन्हा उठले. "कर नाही म्हणता, मग देशात एकूण आरसे आहेत तरी किती?" सभागृहात हशा पिकला. मंत्रिमहोदयांनी वर माझ्याकडे पाहिलं. 'अशी माहिती ठेवली जात नाही' एवढंच चिठ्ठीवर लिहायचं होतं. पण डोकं ठिकाणावर होतं कुठे? हाताने सवयीने लिहिलं, 'माहिती गोळा करण्यात येत आहे', आणि शिपायाने चिठ्ठी खाली पोचवलीसुद्धा!

मंत्र्यांनी ती जशीच्या तशी वाचली.

"मसुदेकर!" ऑफिसात परतताच आमचे साहेब कडाडले. "मंत्री सभागृहात बोलले म्हणजे आश्वासन झालं! आता करा गोळा!"

झालं! आमचे लोक दारोदार आरसे मोजत फिरू लागले. सरकार मोजतंय म्हणजे कर येणारच, हे कुणाला सांगावं लागतं का? गावभर आरसे गडप! कुणी गादीखाली सरकवला, कुणी भिंतीकडे तोंड करून वर कॅलेंडर टांगलं. माणसं अंदाजाने भांग पाडू लागली. आमच्या साहेबांच्या पत्नीने घरातला एकुलता एक आरसा धान्याच्या कोठीत पुरला. परिणामी साहेब ऑफिसात आले ते अर्धीच मिशी घेऊन! आम्ही सगळे जमिनीकडे बघून 'गुड मॉर्निंग' म्हणालो. न्हाव्याच्या दुकानात तर कहर झाला. तिथे समोरासमोर दोन आरसे. आमच्या माणसाने आत डोकावून दिसले तेवढे सगळे मोजले आणि शेवटी दमून तक्त्यात लिहिलं, 'पुढे चालू'.

साहेबांनी उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ देत हुकूम काढला. आरसे मोजून होईपर्यंत रजा बंद, बदल्या बंद!

म्हणजे बाईंचीही बदली अडकली. मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली आणि लाजही वाटली. बाई मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मसुदा आला की भुवईसुद्धा हलेना. ते मला सोसेना.

शेवटी ऑफिसातले आरसे मोजायची पाळी आली. मी तक्ता घेऊन खिडकीपाशी गेलो.

"आपल्या खणात आरसा आहे, हे खरे आहे काय?"

"होय." त्यांनी तळहाताएवढा आरसा काढून टेबलावर ठेवला.

"मोजणी संपताच आपण इथून जाणार, हे खरे आहे काय?"

"हे अंशतः खरे आहे."

अंशतः! त्या एका शब्दाने मला बळ आलं. मी डोळे मिटले. "असल्यास, इथेच राहून माझ्याशी लग्न करण्याचा आपला विचार आहे काय?"

टाइपरायटरची टकटक थांबली. मी डोळे उघडले, तर बाई हसू दाबत माझ्याकडे बघत होत्या.

"तीन वर्षं समोर बसताय, मसुदेकर. विलंबाची कारणे काय आहेत?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे मसुदा नव्हता! बाईंनी शांतपणे कोरा कागद चढवला आणि बदली रद्द करण्याचा अर्ज टाइप करायला घेतला.

खूप वर्षं झाली त्याला. ते ऑफिस गेलं, टाइपरायटर गेले, साहेबही गेले. खणातला तो आरसा आमच्या बेसिनवर असायचा. गेल्या महिन्यात त्याचा खिळा निघाला, तेव्हापासून तो खिडकीत टेकून उभा आहे. काल बायको वाकून वाकून केस विंचरत होती.

"अहो, खिळा कधी ठोकताय?"

"बाब विचाराधीन आहे," मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो.

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांखाली भुवई तशीच वर गेली.

"विलंबाची कारणे?"

मी मुकाट्याने उठलो आणि हातोडी शोधू लागलो.