जांभळ्या तळ्याचा अहवाल

मुलांनो, मांडी घालून बसा. खिडकीबाहेर बघू नका, गोष्ट इकडे आहे.

एका जंगलात एक तळं होतं. डोंगरातून एक ओढा यायचा आणि या तळ्याला मिळायचा. सगळे प्राणी तिथंच पाणी पीत. पाणी इतकं नितळ, की तळाचे दगड मोजता येत.

त्या वर्षी जांभळं पिकायच्या सुमारास हेच नितळ पाणी पिऊन प्राण्यांना जुलाब लागले. पहिल्या आठवड्यात सात ससे गेले. दुसऱ्या आठवड्यात भेकरांचं एक अख्खं कुटुंब गेलं. तिसऱ्या आठवड्यात शेवंता हरिणीचं पाडस आजारी पडलं. पाडसाचं नाव टिकली.

शेवंता ठकूबाईकडे धावली. ठकूबाई साळिंदर होती आणि जंगलात औषधपाणी करायची. आधी बरीच वर्षं ती एका गावाच्या विहिरीजवळ बीळ करून राहिली होती. विहिरीवर माणसं काय काय करतात, हे तिनं नीट पाहून ठेवलं होतं.

"मावशी, टिकली उभीच राहत नाही गं."

"पाणी कुठलं पाजतेस?"

"तळ्याचंच. दुसरं आहे कुठलं?"

ठकूबाईनं बिळातून पत्र्याचा एक डबा काढला. त्यात काळपट, चमकदार, बारीक खडे होते.

"हे मँगनीजचं मीठ," ती म्हणाली. "परमँगनेट म्हणतात. याच्या अंगात प्राणवायू ठासून भरलेला असतो. पाण्यात टाकलं की पाणी जांभळं होतं. पाण्यात घाण असली, तर तो प्राणवायू तिला जाळण्यात खर्च होतो. मग जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ उरतो. असं झालं की आणखी टाकायचं. फिकट गुलाबी रंग टिकला, की समजायचं, जाळायला आता काही उरलं नाही."

मुलांनो, हे परीक्षेत येतं. जंगलात परीक्षा नव्हती, त्यामुळे ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

ठकूबाईनं दगडाच्या एका खळग्यात पाणी घेतलं आणि दोन खडे टाकले. पाणी तपकिरी झालं. तिनं आणखी एक टाकला. या वेळी गुलाबी रंग टिकला. गाळ बसू दिला, वरचं पाणी टिकलीला पाजलं. चौथ्या दिवशी टिकली उठली आणि तिनं आईला लाथ मारली. शेवंता आनंदानं रडली.

ही बातमी प्रधानांपर्यंत पोचली. प्रधान होते त्रिंबकराव कोल्हे. त्यांनी लगेच 'गुलाबी तळे योजना' जाहीर केली. उद्घाटनाला खुद्द वाघमहाराज आले. महाराजांनी पंज्यानं मूठभर खडे तळ्यात टाकले. काठाजवळचं पाणी गर्द जांभळं झालं. माकडांनी टाळ्या वाजवल्या. मग त्रिंबकरावांचं भाषण झालं. भाषण लांबलं. ते संपेपर्यंत पाणी तपकिरी झालं होतं.

"बाई, हे काय केलंत?" त्रिंबकराव ठकूबाईवर ओरडले. "सकाळी पाणी नितळ होतं!"

"नितळ होतं. साफ नव्हतं."

"पण घाण दिसत नव्हती ना!"

"म्हणून तर हे टाकलं, प्रधानजी."

या उत्तरावर प्राणी नाराज झाले. घाण असणं एक वेळ चालेल, पण ती उद्घाटनाच्या दिवशी दिसावी?

ठकूबाई दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठानं वर निघाली. बरोबर शेवंता आणि टिकली. ठकूबाईकडे एक मोठा शिंपला होता, आतून पांढराशुभ्र. प्रत्येक वळणावर ती शिंपल्यात पाणी घ्यायची आणि एक कण टाकायची. पहिल्या वळणावर गुलाबी रंग गेला. दुसऱ्या वळणावर आणखी लवकर गेला. मोठ्या कातळाशी तर पापणी लवायच्या आत गेला.

कातळावर महाराजांचा मेजवानीचा नवा ओटा होता. उन्हाळ्यातच बांधलेला. खरकटं थेट ओढ्यात जाईल, अशी छान सोय केलेली होती. पाण्यात हाडं पडली होती. कोणाची, असं विचारू नका. तशी पद्धत नव्हती.

शेवंतानं त्यातलं एक शिंग ओळखलं. टिकलीला म्हणाली, "तू तिकडे फुलपाखरू बघ."

ओट्याच्या वर जाऊन ठकूबाईनं पुन्हा शिंपला भरला. रंग टिकला. दोघी वाट बघत बसल्या. ऊन कलेपर्यंत पाणी गुलाबीच होतं.

दोघी दरबारात गेल्या. ठकूबाईनं सगळं सांगितलं.

"आमचं मागणं एवढंच आहे महाराज," शेवंता म्हणाली. "खरकटं ओढ्यात टाकू नका. लेकरं मरतायत."

महाराज मिशा चाटत राहिले. त्रिंबकराव म्हणाले, "विषय गंभीर आहे. समिती नेमू."

समितीचे अध्यक्ष तरसअण्णा झाले. महाराजांनंतर ओट्यावर पहिला मान अण्णांचा असे, त्यामुळे विषयाची त्यांना जवळून माहिती होती. समितीनं तळ्याची पाहणी केली. ओढ्यानं वर जायला चढ होता, म्हणून ती गेली नाही. अहवाल आला: 'खडे टाकण्यापूर्वी पाणी तपकिरी नव्हते. खडे टाकल्यावर झाले. सबब खडे हीच घाण होय.'

खड्यांवर बंदी आली. ठकूबाईचा डबा जप्त झाला आणि सुरक्षित राहावा म्हणून महाराजांच्या मुदपाकखान्यात ठेवला गेला. तेव्हापासून महाराजांच्या मिशांवर तपकिरी डाग दिसू लागले. राजवैद्य म्हणाले, वयानं होतं.

ठकूबाईचा नियम मात्र समितीनं मान्य केला. रंग टिकला की पाणी साफ. अण्णांनी माकडांकडून चाळीस टोपल्या जांभळं आणवली, तुडवून तळ्यात ओतली. तळं जांभळं झालं. आठ दिवस जांभळंच राहिलं. काठावर पाटी लागली: 'शुद्ध पाणी'.

ते पिऊन आणखी ससे मेले. पण रंग गेला नाही.

"शेवंते, आता माझ्याकडे चिमूटभरही नाही गं," ठकूबाई म्हणाली. "टिकली पुन्हा पडली तर मी काय करू?"

"मावशी, ओट्याच्या वरचं पाणी साफ आहे, हे तुमच्या डब्यानंच सांगितलं ना? ते काही कोणी जप्त केलं नाही."

तिघी सकाळीच निघाल्या. मागोमाग उरलेले ससे निघाले. मग भेकरं, मग नीलगाई. ओट्याच्या वर सगळे पोटभर पाणी प्यायले, आणि ओट्याच्या इतक्या जवळ राहायला नको म्हणून डोंगर चढून पलीकडच्या खोऱ्यात गेले. तिथला झरा लहान होता, रांग लावावी लागायची. पण त्या पावसाळ्यात टिकलीला शिंगं नसूनही ढुशा मारायची सवय लागली, आणि शेवंताला तक्रार करायला तेवढंच कारण उरलं.

पुढच्या उन्हाळ्यात तरसअण्णांनी पुन्हा तळ्याची पाहणी केली. आजारी प्राणी एकही सापडला नाही. प्राणीच सापडला नाही. त्रिंबकरावांनी दरबारात अहवाल वाचला: 'रोगाचे पूर्ण उच्चाटन झाले आहे.' टाळ्या त्यांनी स्वतःच वाजवल्या.

"छान," महाराज म्हणाले. "मेजवानी कधी आहे?"

त्रिंबकरावांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी त्रिंबकरावांकडे पाहिलं. मग महाराजांनी दोघांकडे पाहिलं.

तात्पर्य, सुवाच्य अक्षरात उतरवून घ्या: पाणी नितळ दिसत असेल, तर त्यात काही टाकून बघू नये. कोणी टाकलंच, तर त्याचा डबा जप्त करावा. आणि रंग हवाच असेल, तर असा निवडावा, की ज्याला घाण समजत नाही.