कर्णगड चषकाचं वजन

कर्णगड चषकाच्या शर्यतीत जॉकीचं दुःखही वजनात धरतात.

हँडिकॅपची शर्यत म्हणजे तेज घोड्यावर जास्त वजन, मंद घोड्यावर कमी. जॉकी, खोगीर आणि शिशाच्या पट्ट्या मिळून ते भरायचं. संस्थानच्या काळात, पहिल्याच वर्षी, आई नुकतीच गेलेला एक जॉकी शेवटचा आला आणि त्यानं तक्रार केली की आपल्याला ठरल्यापेक्षा जास्त वाहावं लागलं. पंचांनी त्याला काट्यावर बसवलं. तक्रार खरी निघाली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही म्हण तेव्हापासून कर्णगडात फारशी कुणी वापरत नाही. साथीच्या वर्षी एकाही घोड्याला शिसं लागलं नाही. पुढे एकदा सगळ्या जॉकींची लग्नं एकाच मोसमात झाली, तेव्हा शिसं कमी पडून छापखान्यातले खिळे उसने आणावे लागले. त्या आठवड्यात गावात वर्तमानपत्र निघालं नाही.

दस्तगीर शिकलगार मिसरूड फुटल्यापासून या शर्यतीत उतरत होता आणि एकदाही जिंकला नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको शमीम वारली. यंदा काट्यावर बसला तर त्याला एकही पट्टी लागली नाही, वजन तसंच बरोबर भरलं. आणि यंदाच तो पहिला आला.

शर्यतीनंतर जॉकीला पुन्हा तोलतात. वजन घटलेलं निघालं तर चषक दुसऱ्या नंबरला जातो.

काट्याजवळच्या निमकर पंचांनी चष्मा वर केला. "शिकलगार, कमी भरतंय. बरंच कमी."

"असं कसं साहेब?"

"जाताना वहिनींना धरून बरोबर होतं. कुठं सांडलंत?"

"शेवटच्या वळणावर असंल. पुढं कुणीच नव्हतं. मग ध्यानात नाही राहिलं."

"मुद्दाम टाकलं," दुसऱ्या नंबरच्या घोड्याचे मालक म्हणाले. "आमचा आक्षेप लिहून घ्या."

"निकालाची घंटा व्हायची आहे अजून," निमकर म्हणाले. "तोवर आठवू द्या त्यांना."

दस्तगीरनं डोळे मिटून इस्पितळ आठवलं, कबरस्तान आठवलं. काटा जागचा हलला नाही. आत आनंद होत होता, त्याला तो काय करणार? बायकोला विसरून जिंकलो, याची त्याला लाज वाटली. लाजेनं काटा थोडा सरकला, पण तेवढ्यानं भागण्यासारखं नव्हतं.

बाहेर लोक त्याचं नाव घेत होते. ते ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, आधी घरी जाऊन शमीमला सांगायला हवं.

काटा हलला.

"भरलं," निमकर म्हणाले. घंटा झाली. "चषक तुमचा. उतरा आता."

दस्तगीर उतरला नाही. काटा अजून चढत होता. निमकरांनी मागच्या जॉकीला थोडं थांबायला सांगितलं.