कुंदाताईंच्या राज्यात कस्टम मूव्ह

आमच्या कुंदाताई परब लग्नाला जातानासुद्धा गळ्यात शिट्टी घालून जातात. नऊवारी, अंबाड्यावर गजरा, आईची बोरमाळ आणि बोरमाळेखाली काळ्या दोरीत शिट्टी. माझ्या लग्नात जेवणाच्या रांगेत मुलीकडचे एक काका मध्येच घुसले, तेव्हा ती वाजली. काका जागच्या जागी थिजले. ताईंनी बोटाने मागची जागा दाखवली आणि काका निमूटपणे मागे गेले. बायको अजून विचारते, "तुमच्याकडे लग्नात पंच पण ठेवतात का रे?"

ठेवतात. करी रोडला आमची चाळ होती तिथे आता टॉवर उभा आहे, आणि अकराव्या मजल्यावर ताई एकट्या राहतात. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत नोकरी केली, पण ती पोटापुरती. खरं काम कबड्डीच्या पंचाचं. परळ-लालबागच्या मैदानांवर त्यांनी दांडगे दांडगे गडी नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर बाहेर बसवलेत. वय झालं, मैदान सुटलं, पंचगिरी काही सुटली नाही. सोसायटीच्या सभेत कोणी लांबण लावली की ताई म्हणणार, "चढाईची वेळ संपली, बसा." नवराबायकोचं भांडण मिटवायला बोलावलं की पहिला प्रश्न, "कॅप्टन कोण? हरकत कॅप्टनच घेणार." मग दोघं कॅप्टन कोण यावरून भांडू लागतात आणि मूळचं भांडण विसरून जातात. ताई तो निकाल आपल्या खात्यात जमा करतात.

यंदा सोसायटीच्या सत्यनारायणाला पोरांनी रांगोळी आणि संगीतखुर्चीच्या जोडीला मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. मी सांस्कृतिक समितीचा चिटणीस, म्हणजे खुर्च्या लावणारा. सहाव्या मजल्यावरचा सुजय या गेममध्ये आख्ख्या करी रोडला भारी. चषक घरातच राहणार या खात्रीने आम्ही स्पर्धा सगळ्यांना खुली ठेवली. अतिशहाणपण, दुसरं काय!

घोडपदेवहून आपल्या मंडळींबरोबर तेजश्री नावाची मुलगी आली. लॅबमध्ये रक्त तपासते, बोलायला मऊ. तिने कोणी ढुंकून बघत नाही असा सगळ्यात लठ्ठ फायटर निवडला आणि आमची पोरं एकामागून एक लोळवत थेट फायनलला पोचली.

मग उलगडा झाला. या गेममध्ये प्रत्येक फायटरला कंपनीने ठरवून दिलेले डाव असतात. पण ते काढून त्यांच्या जागी दुसरे डाव लावायची सोयही गेममध्येच असते. पोरं त्याला कस्टम मूव्ह म्हणतात. तेजश्रीने आपल्या लठ्ठ्याचे अवजड ठोसे काढून चपळ लाथा बसवल्या होत्या. सुजय फायनलआधीच भडकला. "ही चीटिंग आहे यार! ओरिजिनल मूव्हवर खेळायला सांगा तिला." आमच्या नियमांत याबद्दल एक ओळ नव्हती. घोडपदेवची मंडळी उठून उभी राहिली, आमचीही राहिली. पूजेच्या हॉलमध्ये खरी मारामारी व्हायची वेळ आली.

शिट्टी वाजली. पहिल्या रांगेत ताई प्रसादाचा शिरा संपवून उठल्या होत्या.

"हरकत कोणाची?"

"माझी," सुजय म्हणाला.

"हे डाव तिने बाहेरून आणले?"

"नाही. गेममध्येच आहेत."

"तुला मिळतात?"

"सगळ्यांना मिळतात. पण ते शोधायचे, लावायचे, त्यांची प्रॅक्टिस करायची... कोण करत बसणार, ताई?"

"ती बसली ना!" ताई म्हणाल्या. "अरे, चढाईला जाणाऱ्याला कोणी डाव छापून देतं का? ज्याचा त्याने घडवायचा. रेषा सगळ्यांना एक, डाव ज्याचा त्याचा."

तेवढ्यात आमचे अध्यक्ष सावंतकाका त्यांच्या कानाशी लागले. काकांचा कानमंत्र दोन रांगांना तरी ऐकू येतो. "कुंदा, चषक बाहेर जातलो. तू आपल्या बिल्डिंगीची मां गो? पुढच्या वर्षी पंच कोण, ता समिती ठरवतली, लक्षात ठेव."

आमच्या स्पर्धांची पंचगिरी एवढंच आता ताईंकडे उरलेलं. वर्षभर त्या या दिवसाची वाट बघतात, हे काकांना पुरतं माहीत होतं. मला वाटलं, आता ताई नमतील.

"शिट्टी तोंडात आसताना मी खंयच्याच बिल्डिंगीची नाय," ताई म्हणाल्या आणि हॉलकडे वळल्या. "कस्टम मूव्ह चालणार. पण लपवून नाही. दोघांनी आपापले डाव आधी सगळ्यांसमोर दाखवायचे. सुजय, तुला बदलायचे असतील तर बदल. आरती होईपर्यंत वेळ देते."

सुजयने आरतीभर बटणं दाबली. फायनल अशी रंगली की सोवळ्यातले भटजीही खुर्चीवर उभे राहिले. सुजय शेवटच्या फेरीत थोडक्यात हरला आणि हरल्यावर तेजश्रीलाच विचारू लागला, ती मधली लाथ कुठून काढलीस? चषक घोडपदेवला गेला. निघताना त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "चषक आम्ही नेतोय, पण असा पंच आमच्याकडे नाही." माझी छाती फुगली. आमच्या ताई आमच्याविरुद्ध निकाल देतात आणि आम्हीच कॉलर ताठ करून फिरतो, हे घोडपदेवला कसं समजवायचं?

सावंतकाका फुगून घरी गेले. हॉल रिकामा झाला. मी खुर्च्या एकावर एक चढवत होतो, तर ताई टीव्हीसमोर तशाच बसलेल्या.

"काय रे, यात नवा फायटर पण बनवता येतो?"

मी कंट्रोलर घेतला. ताई सांगत गेल्या. बाई हवी. बारीक. दोन वेण्या. मग मी डावांची यादी उघडली, तर त्यांनी बाकी काही बघितलंच नाही. "खाली बसून पाय लांब फेकते बघ, तो लाव."

"हाच का?"

"माझा होता. परळच्या मैदानात माणसं त्या पायासाठी गर्दी करायची." गुडघा चोळत म्हणाल्या, "एकविसाव्या वर्षी गुडघा फुटला. मग पंच झाले. मला खेळताना बघितलेलं या बिल्डिंगीत आता कोणी नाही रे."

मी दुसरा कंट्रोलर घेऊन शेजारी बसलो.

ताईंना दोनच बटणं जमत होती. दोन वेण्यांची पोर हळूहळू माझ्या फायटरकडे सरकू लागली आणि शेजारून अगदी बारीक आवाज आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." पोर खाली बसली, पाय लांब गेला, माझा गडी कोसळला. ताईंनी तिला भराभर मागे फिरवली. पडद्यावर मधली रेषा नव्हतीच, पण ती कुठे आहे हे ताईंना ठाऊक होतं. पोर तिच्यापलीकडे पोचल्यावरच त्यांनी दम सोडला.

"आउट," त्या म्हणाल्या.

मी कंट्रोलर खाली ठेवला, उठलो आणि कडेच्या खुर्चीत जाऊन बसलो. बाद झालेल्या गड्याने बाहेर बसायचं असतं.